पूनसाहेबांचा जबाब

तात्या आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले आणि सव्वा वर्ष राहिले. तात्या म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. उभी हयात सातारा जिल्ह्यात पोलिसांत काढून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले. डब्लिनजवळ ल्यूकनला आमच्या घरी उतरले तेव्हा त्यांच्या बॅगेत ज्वारीचं पीठ, लसणाच्या चटणीचे दोन डबे, एक माकडटोपी आणि परतीचं तिकीट होतं. पीठ पुरवून पुरवून उन्हाळ्यापर्यंत गेलं, तिकीट मात्र महिन्याभरातच निकामी झालं. विमानं थांबली, माझी शाळा लॅपटॉपमध्ये आली आणि घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा हुकूम निघाला. तात्यांनी तो हुकूम माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि समाधानाने मान हलवली. "बराबर हाय. जमावबंदी अशीच लावायची असती. शब्दात कुठं ढिलाई न्हाई."

आमचं घर त्या दिवसांत फार हळू आवाजात चालायचं. बाबा चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर होते. रात्रपाळी असली की दिवसभर वर झोपून असत, आणि आम्ही जिन्यावरून अनवाणी फिरायचो. आई ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये होती. ती पुढच्या दाराने घरात येत नसे. आधी बाजूच्या फाटकाची कडी वाजायची, मग मागच्या खोलीत वॉशिंग मशीनचं दार बंद व्हायचं, मग बराच वेळ नळ चालू. त्यानंतर ती वर जिन्यासमोरच्या लहान खोलीत जाऊन बसायची आणि मी तिचं ताट दाराबाहेर ठेवायचे. ताट ठेवून मी लगेच निघत नसे. ती खोकते का ते ऐकत उभी राहायचे. खोकली नाही, की मग मला जेवण जायचं. त्या वर्षाविषयी लोक काय काय सांगतात, मला मात्र सगळ्यात आधी ती फाटकाची कडी आठवते. ती वाजली म्हणजे आई आजच्यापुरती परत आली, एवढा त्याचा अर्थ होता, आणि तेवढा पुरत होता.

मी सोळा वर्षांची होते. मराठी मला सगळं कळायचं, पण मी बोलायचे इंग्रजीत. आईने मराठीत विचारावं आणि मी डब्लिनच्या सुरात उत्तर द्यावं, हे आमच्यात वर्षानुवर्षं चालत आलेलं. तात्यांपुढे ते चालेना, कारण त्यांचं इंग्रजी कंप्लेंट, वॉरंट आणि बेल यांच्या पुढे जात नव्हतं. दिवसभर घरात जागे असे आम्ही दोघंच. मला बोलणं भाग पडलं. म्हणून माझं मराठी आजही सातारी पोलिसाच्या वळणाचं आहे. पुण्यातली माणसं माझ्याशी बोलताना आधी हसतात आणि मग जरा सरळ बसतात.

त्या हिवाळ्यातल्या वादळाने आमच्या आणि शेजारच्या बागेमधल्या लाकडी कुंपणाचा एक भाग आडवा केला होता. दुरुस्तीला कुणी येण्याची सोय नव्हती, तेव्हा तिथे दारासारखी एक फट राहिली. तात्या सकाळी मागच्या दारात खुर्ची टाकून, माकडटोपी घालून, चहाचा मग दोन्ही हातांत धरून त्या फटीकडे पाहत बसायचे.

"त्यो म्हातारा कायतरी लपवतोय," एका सकाळी ते मला म्हणाले.

"कशावरून, तात्या?"

"रोज साडेसातला भायेर येतो. हात हवेत फिरवतो, एकदम सावकाश. आता ह्यो व्यायाम आसंल म्हणून मी सोडून दिलं. पन व्यायाम झाला तरी आत जात न्हाई. दोन्ही हातांची अशी चौकट करतो आन त्यातनं माझ्याकडं बघतो."

व्यायामाचं मला सांगता आलं. चौकटीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण आम्ही त्या शेजाऱ्यांशी कधी दोन शब्द बोललो नव्हतो याची मला लाज वाटली, आणि त्या दिवशी मी वाटीभर लसणाची चटणी फटीतल्या एका कुंडीवर ठेवून चार पावलं मागे सरकले.

त्यांचं नाव मिस्टर पून. मूळचे हाँगकाँगचे. त्यांनी आणि त्यांच्या बायकोने पंचवीस वर्षं मलिंगार या आयर्लंडातल्या गावात चिनी जेवणाचं टेकअवे चालवलं होतं. बायको गेल्यावर दुकान विकून ते मुलीच्या जवळ म्हणून ल्यूकनला आले होते, आणि आता ती मुलगी पिशव्या दारात ठेवून खिडकीच्या काचेतून त्यांच्याशी बोलत असे. त्यांचं इंग्रजी पक्कं मलिंगारचं होतं. चटणीचा पहिला घास खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी ते म्हणाले, "ग्रँड," म्हणजे तिकडच्या बोलीत झकास. दुसऱ्या दिवशी कुंडीवर झाकण लावलेलं एक भांडं होतं: तांदळाची पातळ, वाफाळती खीर म्हणावी तर मिठाची, वर आलं आणि माशाचे बारीक तुकडे.

"ही तर पेज," तात्या म्हणाले. "आजारी माणसाची पेज, पन श्रीमंताघरची." आणि भांडं पुसून खाल्लं.

मग ते सुरूच झालं. कुंडीच्या जागी आम्ही एक जुनं टेबल आणून ठेवलं. एकाने डबा ठेवून मागे व्हायचं, दुसऱ्याने पुढे येऊन उचलायचा. पिठलं तिकडे जायचं, वाफवलेला मासा इकडे यायचा. तात्यांनी सातारी मराठीत बोलायचं, मी इंग्रजी करायचं, पून यांनी उत्तर द्यायचं, मी मराठी करायचं. तात्या त्यांना पूनसाहेब म्हणत आणि ते तात्यांना चीफ. चौथ्या-पाचव्या दिवशी तात्यांनी मला चौकटीचं विचारायला लावलं.

"सिनेमे काढायचो मी," पून म्हणाले. "मलिंगारच्या आधी." पूर्वी आपलं सायकलचं दुकान होतं, असं कुणी सांगावं तसं.

त्यांची हकिकत आम्ही एका आठवड्यात, डब्यांच्या देवाणघेवाणीतून, तुकड्यातुकड्याने ऐकली. तरुणपणी ते सिनेमाची पोस्टरं रंगवत. त्यातून सेट रंगवायला गेले, तिथून एका तापट दिग्दर्शकाचे सहायक झाले आणि तिशीच्या आत स्वतः दिग्दर्शक. पहिले दोन सिनेमे विनोदी होते आणि त्यांना कुणी हसलं नाही. तिसरा गुन्हेगारी थरारपट, कँटोनीज भाषेतला. नाव 'साडेसहाची बोट'. एक दमलेला पोलीस अधिकारी आहे, त्याचा सख्खा मोठा भाऊ टोळीत आहे, आणि भाऊ संध्याकाळी साडेसहाच्या बोटीने पळून जाणार आहे. दुपार एवढाच वेळ. पकडायचा की जाऊ द्यायचा? तो सिनेमा तुफान चालला. लोक थिएटरात भिंतीला टेकून उभे राहून बघत. त्यानंतर पून यांनी आणखी दोन काढले. त्यांत माणसं खोल्यांमध्ये बसून नुसती बोलत होती, आणि ते दोन्ही आपटले. मग मेहुणीने आयर्लंडला बोलावलं. "आणि पंचवीस वर्षं भात परतला," पून म्हणाले. "ग्रँड."

सिनेमाची एक जुनी कॅसेट आणि ती चालवणारं यंत्र त्यांच्याकडे होतं. एका दुपारी त्यांनी टीव्ही ओढून बागेकडच्या काचेच्या दारात आणला, उजेड अडवायला वर गोधडी टांगली आणि आम्ही कुंपणाच्या आमच्या बाजूला खुर्च्या मांडल्या. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॅसेटवर खाली भाषांतराची अक्षरं येत नव्हती. पून पडद्यावरचं वाक्य इंग्रजीत सांगायचे, मी ते तात्यांच्या कानात मराठीत, आणि तोवर पडद्यावर पुढच्या माणसाला गोळी लागलेली असायची.

तात्यांनी दहा मिनिटं कशीबशी काढली. मग त्यांना राहवेना.

"झडतीला पंच कुठं हायत? दोन पंच लागत्यात."

मी सांगितलं. पून यांनी टेप थांबवली.

"आन ह्यानं पिस्तूल टेबलाच्या खणात ठेवलं. नोंद न्हाई, सही न्हाई. ह्याला निलंबित करायला पायजे. आन मला एक सांगा पूनसाहेब, सख्खा भाऊ आरोपी म्हटल्यावर तपास ह्याच्याकडं ठेवलाच कसा? ह्याचा साहेब काय करत होता?"

मला वाटलं, आता हे रागावणार. पून उठून आत गेले आणि वही-पेन्सिल घेऊन आले. "हा प्रश्न मला कधीच कुणी विचारला नाही," ते म्हणाले. "सगळे म्हणाले, फोटोग्राफी छान आहे." आणि त्यांनी लिहून घेतलं. पुढचा तासभर त्या दोन म्हाताऱ्यांनी माझ्या जिवावर त्या सिनेमाची चिरफाड केली आणि दोघंही इतके खुशीत होते, की वरून बाबा खिडकी उघडून कोण ओरडतंय ते बघून गेले.

शेवटाकडे भाऊ धक्क्याच्या छपरावरून पळत येतो. बोट सुटलेली आहे. तो छपराच्या टोकावरून उडी घेतो आणि बोटीवरच्या ताडपत्रीवर पडतो. ती उडी एका दमात, कुठेही न तोडता दाखवलेली होती. तात्या खुर्चीत पुढे सरकले. "हे खरंच मारलंय?" त्यांनी विचारलं. पून "हो" म्हणाले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. अजून पाच-सात मिनिटं बाकी असावीत. टेप पुढे खराब आहे, असं ते म्हणाले, गोधडी काढली आणि दार लावून घेतलं.

तात्या खुर्च्या उचलताना मला म्हणाले, "मुक्ते, जे काय हाय ते हितंच हाय बघ. त्या उडीत."

त्यांनी लगेच विचारलं नाही. आठ-दहा दिवस डबे जात-येत राहिले. मग एका सकाळी, पेज खाता खाता, हवापाण्याची चौकशी करावी तशा सुरात त्यांनी विचारायला सांगितलं: सिनेमा एवढा चालला, मग उड्या मारणारे सिनेमे काढायचं का सोडलंत?

पून बराच वेळ बोलले. टेबलाच्या कडेवरचा रंगाचा पोपडा नखाने काढत बोलले. मी ऐकत गेले. हे सगळं तात्यांना सांगून या माणसाला उघडं पाडायचं, हे मला जमेना. मी म्हणाले, "तात्या, ते म्हणतायत की शूटिंगमध्ये एक माणूस पडला. म्हणून सोडलं."

तात्यांनी वाटी खाली ठेवली. "हा माणूस पाच मिनिटं बोलला, आन तू मला एक ओळ सांगतीस? पोरी, मधला माणूस चाळणी नसतो. जसं हाय तसं पुढं द्यायचं. वजन कमी करायचा अधिकार तुला न्हाई."

पुढे चाळीस वर्षं मी डब्लिनच्या कोर्टांत दुभाषी म्हणून उभी राहिले. त्या नोकरीसाठी मी परीक्षा दिल्या, शपथ घेतली, कितीतरी नियम पाठ केले. पण काम काय आहे ते मला त्या कुंपणाच्या फटीत, एका वाक्यात कळलं होतं. मी पून यांची माफी मागितली आणि पुन्हा सांगायला सांगितलं. तात्यांनी मला माझी शाळेची जाड वही आणायला लावली. "पूनसाहेब," ते म्हणाले, "असं तुटक तुटक नको. रीतसर जबाब द्या. मी ईचारतो, तुम्ही सांगा. मुक्ता लिवंल." मला वाटलं, पून नकार देतील. पण रीतसर या शब्दाने त्यांना आधार मिळाल्यासारखं झालं. ते आत जाऊन कोट घालून आले.

उडी मारणाऱ्याचं नाव आ-शिंग. तात्यांनी मला ते वहीत 'शिंगे' असं लिहायला लावलं, कारण त्यांच्या मते आडनावाशिवाय जबाब होत नाही. शिंग पंचविशीतला होता, जोखमीच्या उड्या मारणाऱ्यांच्या गटातला सगळ्यात धीट. पहिल्या टेकला बोट लवकर सुटली. दुसरा टेक चांगला झाला. तेवढ्यात ढग सरकले आणि पाण्यावर असा उजेड पडला, की पून यांच्याने राहवलं नाही. ते म्हणाले, अजून एकदा. तिसऱ्या टेकला शिंग ताडपत्रीपर्यंत पोचला नाही. बोट आणि धक्का यांच्या मध्ये पडला.

"सिनेमात कुठली उडी हाय?" तात्यांनी विचारलं.

"दुसरी," पून म्हणाले. "तिसरी लागलीच नाही."

"तुम्ही दवाखान्यात गेला होता?"

"गेलो होतो. मजल्यावर पोचलो. त्याची बायको बाकावर बसली होती. तिला बघून मी तसाच लिफ्टने खाली आलो."

"मग?"

"मग नाही गेलो. त्याला त्याचे लोक गावाकडे घेऊन गेले. त्यांच्या गटाने माझ्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षांनी एका चहाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, तो गेला."

"कोन म्हनालं?"

"आठवत नाही."

"त्यानं मयत बघितली होती?"

"माहीत नाही."

"तुम्ही पुन्हा कुणाला ईचारलं?"

पून यांनी कोटाचं बटण काढलं आणि परत लावलं.

तात्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "पूनसाहेब, ह्याला ऐकीव म्हणत्यात. ऐकीव बातमीवर आमी कोंबडीचोरसुदिक आत टाकत न्हाई, आन तुम्ही सवताला पस्तीस वरसं आत टाकलं?"

मी ते होतं तसं, सगळ्या वजनासकट, इंग्रजीत सांगितलं. पून यांनी वहीवर सही केली, पण म्हणाले, आता हे इथेच राहू द्या. तो नाही, हे मला पुन्हा एकदा ऐकायचं नाही. तात्यांनी मान डोलावली. संध्याकाळी मात्र मला म्हणाले, "तपास करायचा." मी म्हटलं, ते नको म्हणालेत. "नको म्हणायचा हक त्यांचा हाय," तात्या म्हणाले. "पन त्या शिंग्याचा कायतरी हक असंल का न्हाई? जिता असंल, तर कुणीतरी आपल्याला मेलेला समजतंय हे त्याला कळाय नको?"

मला हे आजही पूर्णपणे पटलेलं नाही. त्या माणसाने विश्वासाने सांगितलेलं आम्ही त्याच्या पाठीमागे बाहेर नेलं. पण मी ते केलं, आणि तात्यांचं नाव पुढे करून सुटणार नाही. जुन्या हाँगकाँगी सिनेमांचे वेडे लोक नेटवर एके ठिकाणी जमत. तिथे मी सिनेमाचं नाव, उडीचं वर्णन आणि शिंगचं नाव लिहून विचारलं, की या माणसाचं पुढे काय झालं ते कुणाला माहीत आहे का. जबाबातलं काही लिहिलं नाही. उत्तरं आली ती फोटोग्राफी छान आहे अशी. दोनाचे पाच किलोमीटर झाले, मग सगळं थोडं उघडलं, उन्हाळा संपला आणि पुन्हा बंद झालं. आईच्या लॅबमधल्या दोघी आजारी पडल्या, बऱ्या झाल्या. मी ते विचारलेलं विसरूनही गेले.

जानेवारीत, गणिताच्या तासाला, लॅपटॉपवर एक निरोप आला. इंग्रजीत, चार ओळी. 'आ-शिंग माझे वडील. ते जिवंत आहेत, चालतात, फळांचं दुकान बघतात. उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. तुम्ही कोण, आणि कशासाठी विचारता?'

मी तास सोडून खाली धावले. तात्या भाजी निवडत होते. त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली, हात धुतले, पुसले, आणि म्हणाले, "परत वाच." मी चार वेळा वाचलं. मग ते खुर्चीत बसले. मला तोपर्यंत वाटायचं, की तात्यांना खात्री असणार. त्यांना अजिबात नव्हती.

पून यांना आम्ही दुपारी फटीत बोलावून सांगितलं. मी आधी जे केलं त्याची कबुली दिली, मग निरोप वाचला. त्यांनी टेबलाला धरलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "त्याला माझं नाव सांगितलंस?" मी म्हटलं, नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय नाही. ते आत गेले आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी आमचा डबा टेबलावर तसाच राहिला. तिसऱ्या दिवशीही. सकाळचा व्यायाम बंद झाला. मला शाळेचं काही सुचेना. मेलेल्या माणसाची सवय असलेल्या माणसापुढे मी एक जिवंत माणूस आणून उभा केला होता, आणि त्याला तो झेपत नव्हता. आईने लहान खोलीच्या दाराआडून विचारलं, "तुम्ही दोघांनी काय केलंय?" मी सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचं चुकलंच. पण त्यांना आता एकटं सोडू नका."

अकराव्या दिवशी तात्या कोट घालून, मास्क लावून, मला घेऊन पुढच्या रस्त्याने पून यांच्या दारापाशी गेले. बेल वाजवली आणि फाटकापर्यंत मागे आले. दार उघडलं. पून यांनी दाढी केली नव्हती.

"पूनसाहेब," तात्या म्हणाले, "मी नोकरीत लई फरारी बघितले. पकडून आणलेला माणूस आन आपल्या पायानं हजर झालेला माणूस, ह्यांच्या चेहऱ्यात फरक असतो. हजर झालेला त्या दिशी जेवतो. बाकी मला काय सांगायचं न्हाई."

मी सांगितलं. पून उंबऱ्यावर उभे राहिले. "तो मला शिव्या देईल," ते म्हणाले.

"दिऊ द्या की," तात्या म्हणाले. "पाय त्याचा हाय."

पून हो म्हणाले, मी शिंगच्या मुलीला त्यांचं नाव कळवलं, आणि फोन लागला एका सकाळी, तिकडे संध्याकाळ असताना. थंडी होती तरी पून यांनी टॅब बागेतल्या टेबलावर मांडला, कारण त्यांना आम्ही दोघं शेजारी हवे होतो. पडद्यावर आधी ती मुलगी दिसली, मग ती सरकली आणि पांढऱ्या केसांचा, रुंद खांद्यांचा एक माणूस आला. मागे संत्र्यांचे ढीग होते. पून उभे राहिले. मग तो माणूस बोलू लागला, कँटोनीजमध्ये, मोठ्याने आणि खूप वेळ, आणि मी वर्षभरात पहिल्यांदा काही कामाची नव्हते. तात्यांनी माझा हात धरला. आम्हाला फक्त चेहरे दिसत होते. पून एकदा खाली वाकले, एकदा जोरात नाही नाही म्हणत मान हलवू लागले, मग दोघंही एकाच वेळी बोलायला लागले. मला वाटलं, संपलं, भांडण झालं. आणि तेवढ्यात पडद्यावरचा माणूस हसला. पून खुर्चीत बसले, त्यांनी चष्मा काढला आणि लहान मुलासारखे रडले.

फोन संपल्यावर त्यांनी आम्हाला सांगितलं, थांबत थांबत, मला नीट सांगता यावं म्हणून. शिंग म्हणत होता, तिसरा टेक तुम्ही मागितलाच नव्हता. तुम्ही तर सामान आवरायला सांगितलं होतं. दुसऱ्या उडीत माझा पाय घसरला, मी गुडघ्यावर पडलो आणि गटातले सगळे हसले. म्हणून मीच म्हणालो, अजून एकदा. तुम्ही नको म्हणत होतात. पून म्हणाले, असं झालेलं नाही, मला उजेड आठवतो. शिंग म्हणाला, मला हसणं आठवतं. त्यावरून ते भांडले. पायाचं म्हणाल तर, शिंग म्हणाला, ते माझं कामच होतं. राग एकाच गोष्टीचा आला. माझ्या बायकोने तुम्हाला लिफ्टपाशी बघितलं होतं. मी दुसऱ्या दिवशी वाट बघितली, तिसऱ्या दिवशी बघितली.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, ते खरं आहे. ते मी केलं." पून यांनी चष्मा पुसून परत घातला. "तो म्हणाला, हं. मग म्हणाला, जेवलास का?"

तात्यांनी जबाबाची वही मागितली. पून यांचं म्हणणं त्यात होतंच. त्याखाली त्यांनी माझ्याकडून शिंगचं म्हणणं लिहून घेतलं आणि दोन्ही पानं बराच वेळ शेजारी शेजारी धरून वाचली. "दोघांतला एक खोटं बोलतोय," ते शेवटी म्हणाले. "आन दोघंबी गुन्हा आपल्याच अंगावर ओढत्यात. मुक्ते, छत्तीस वरसाच्या नोकरीत असली केस माझ्याकडं एक आली न्हाई."

मी पुढे अनेकांना ही हकिकत सांगितली. काही म्हणतात, शिंगने दयेपोटी बनवून सांगितलं. काही म्हणतात, अपराधी माणसाची आठवण त्याच्या विरुद्धच साक्ष देते. मला कळलेलं नाही, आणि कळायला हवं असंही आता वाटत नाही.

पून त्या दिवशी आमच्याकडचं सगळं पिठलं संपवून मग घरी गेले.

वसंतात आईला लस मिळाली, आणि एका रविवारी ती ताट घेऊन खाली आली आणि टेबलाशी आमच्यात बसली. बाबांनी तिला उगाच दोनदा वरण वाढलं. जेवण चाललेलं असताना मागच्या बागेतून जोरजोरात आवाज यायला लागले. पून फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते आणि ओरडत होते, आणि फोनमधून दुसरा म्हातारा त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता. हे आता रोजचंच झालं होतं. कधी तिसऱ्या टेकवरून, कधी नटाच्या टोपीवरून, कधी बोटीचा रंग हिरवा होता की पांढरा यावरून.

आईला हे नवीन होतं. ती दचकून म्हणाली, "अगंबाई, काय झालं त्यांना? बघा ना कुणीतरी जाऊन."

"कशाला?" तात्या म्हणाले. "भांडत्यात. पस्तीस वरसाचं तुंबलंय, भांडू दे." आणि उठून त्यांनी बागेकडची खिडकी आणखी थोडी उघडली.